ईशापूरची रायफल, सेलूचं शिवार

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सेलूला आमच्या घरी लोखंडी कपाटात एक रायफल आहे. परवान्याचं नूतनीकरण आलं की ती जुन्या चादरीत गुंडाळून पोलीस ठाण्यात न्यायची, नळीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळवून घ्यायचा आणि परत आणायची, असा शिरस्ता आहे. मागच्या खेपेला ठाण्यात एक नवा, पोरगेलासा शिपाई होता. त्याने नळीवरची अक्षरं न्याहाळली, रायफल हातात तोलून पाहिली आणि विचारलं, ‘‘काकाजी, हे इंग्लंडची होय का जी?’’

मी म्हटलं, ‘‘अर्धी.’’

तो हसला. म्हातारा गंमत करतो आहे असं त्याला वाटलं असणार. पण मी खरं तेच सांगत होतो. या रायफलीत थोडं इंग्लंड आहे, थोडं ऑस्ट्रिया आहे, कॅनडात वाढलेला एक स्कॉटिश घड्याळजी आहे, आणि बाकी सगळी ती आपल्या बंगालची, हुगळीकाठच्या ईशापूरची आहे. ती कशी जन्माला आली, कोणासाठी बनली आणि आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या कपाटात येऊन का पडली, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी एक खुलासा. मी शिकारी नव्हे. आयुष्यभर आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडच्या मुलांना लेथ शिकवली. लोखंडाची नळी आतून सरळ कोरायची म्हणजे काय दिव्य असतं ते मला ठाऊक आहे, वाघ मारायचा म्हणजे काय असतं ते ठाऊक नाही. तेव्हा वाघाच्या गोष्टीची अपेक्षा ठेवून कोणी रेडिओ लावला असेल तर त्याची थोडी निराशा होईल.

ही रायफल घेतली माझ्या मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने. साल १९६६. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मालगुजारी १९५१ साली गेली होती, पण मालगुजारांचा रुबाब गावातून गेला नव्हता. त्यांच्या वाड्यात विलायती रायफल होती. आमच्याकडे होती ठासणीची बंदूक. तोंडातून दारू भरायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, टोपी लावायची. एवढं होईस्तोवर डुकरांचा कळप जोंधळा खाऊन बोरच्या जंगलात परत जाई. मोठेबाबांना तिचा भारी राग होता. शेवटी नागपूरच्या एका बंदूकवाल्याकडून त्यांनी ही नवी रायफल आणली. घरातली बायामाणसं पाहायला गोळा झाली. मला आठवतं ते एवढंच, की बाबांनी ती उचलली आणि म्हणाले, ‘‘हलकी आहे!’’

हलकी म्हणजे किती? त्या काळी फौजेत आणि पोलिसांत चालणारी थ्री-नॉट-थ्री सुमारे चार किलोची. आमची ही त्याहून कमी. किराणा दुकानातल्या काट्यावर मी एकदा तोलली, साडेतीन किलोच्या आतबाहेर भरली. अर्धा किलो म्हणजे काय मोठं, असं कोणी म्हणेल. त्याने ती खांद्यावर घेऊन रात्रभर धुऱ्यावरून फिरून पाहावं.

आता ईशापूर. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पूर्व काठावर हे गाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ साली तिथे तोफेच्या दारूचा कारखाना काढला आणि १७९१ पासून तिथे दारू बनू लागली. पुढे १९०४ साली त्याच जागेवर रायफलींचा कारखाना सुरू झाला. म्हणजे आधी शंभर वर्षं दारू आणि मग ती दारू पेटवणारं हत्यार, असा त्या जागेचा प्रवास. १९९१ साली एका प्रशिक्षणासाठी मी कोलकात्याला होतो, तेव्हा एका रविवारी सियालदाहून लोकल पकडून मुद्दाम ईशापूरला गेलो. अर्थातच आत कोण सोडणार! लांबच लांब भिंत पाहिली, फाटकावरचा पहारा पाहिला, चहा प्यालो आणि परत आलो. चहावाल्याला मी सांगितलं की आमच्या घरची रायफल इथली आहे. त्याला काही विशेष वाटलं नाही. त्याच्या गिऱ्हाइकांतले निम्मे लोक तीच तर बनवत होते.

या कारखान्याने पहिल्यापासून जी रायफल बनवली तिचं नाव ली-एनफील्ड. एनफील्ड हे लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचं गाव. ली म्हणजे जेम्स पॅरिस ली. हा माणूस १८३१ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला, लहानपणीच आईबापांबरोबर कॅनडात गेला आणि वडिलांच्या हाताखाली घड्याळं दुरुस्त करायला शिकला. १८७९ साली त्याने रायफलीच्या पोटाखाली काडतुसांची एक डबी बसवली. खटका मागे ओढला की रिकामं टरफल बाहेर, पुढे लोटला की डबीतलं नवं काडतूस नळीत. त्याआधी बहुतेक रायफलींत एकेक काडतूस हाताने घालावं लागे. घड्याळजीचंच डोकं ते. कमी जागेत, कमी हालचालीत काम.

आता गोष्टीत दुसरा माणूस येतो. फेर्डिनांड फॉन मानलिखर. हा ऑस्ट्रियाच्या रेल्वेतला इंजिनियर. त्याने आपल्या देशाच्या फौजेसाठी आठ मिलिमीटर बोअरची रायफल केली, आणि १८९० च्या सुमारास तिच्यासाठी पन्नास मिलिमीटर लांबीच्या टरफलाचं, बुडाला कडा असलेलं काडतूस आलं. आमच्या रायफलीला लागतं ते हेच काडतूस. इंचात मोजलं की आठ मिलिमीटरचे होतात पॉइंट ३१५. आपल्याकडे सगळे तिला ‘तीनशे पंधरा’ म्हणतात ते त्यावरून.

मग इंग्रजांच्या रायफलीत ऑस्ट्रियाचं काडतूस आलं कसं? ते आलं भीतीपोटी. १८५७ नंतर हिंदुस्थानी माणसाच्या हातातल्या हत्याराची धास्ती सरकारने कधी सोडली नाही. १८७८ चा शस्त्रकायदा तिच्यातूनच आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट सरकारच्या ध्यानात आली. फौजेची आणि शिकाऱ्यांची काडतुसं एकच असली तर छावणीतून चोरलेलं काडतूस कुणाच्याही बंदुकीत चालतं. विशेषतः वायव्य सरहद्दीवर ही डोकेदुखी मोठी होती. मग फौजी मापाच्या बंदुका खाजगी माणसाला बंद झाल्या. पॉइंट ४५० ला बंदी आली, तेव्हा लंडनचे बडे बंदूक कारखानदार ४६५, ४७०, ४७५ अशी नवनवी मापं काढून बसले. थ्री-नॉट-थ्रीचंही तेच झालं. तेव्हा इंग्लंडच्या बी.एस.ए. कंपनीने लीचीच रायफल घेतली आणि तिच्यात मानलिखरचं काडतूस बसवून ती हिंदुस्थानात विकायला आणली. दोन्ही काडतुसांना बुडाशी कडा असल्यामुळे फार फेरफार करावे लागले नाहीत. स्वातंत्र्यानंतर ईशापूरने तोच कित्ता गिरवला.

मजा अशी की ली आणि मानलिखर हे दोघेही वारले १९०४ साली, एक जानेवारीत आणि एक फेब्रुवारीत. त्याच साली ईशापूरचा रायफल कारखाना उभा राहिला. या दोघांच्या अकला एका नळीत एकत्र आल्या त्या दोघांच्या माघारी, आणि त्याही परक्या सरकारला वाटलेल्या भीतीमुळे. शंभर वर्षं उलटून गेली, सरकार बदललं, पण थ्री-नॉट-थ्रीचं माप आपल्या कायद्यात अजूनही ‘निषिद्ध बोअर’च आहे आणि तीनशे पंधरा अजूनही साध्या परवान्यावर मिळते. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे, की मशीनचं एखादं माप विचित्र वाटलं तर त्यामागे कुठला तरी जुना कायदा किंवा जुनं भांडण आहे का ते शोधा.

रायफल हलकी करायची म्हणजे काय करायचं, ते थोडं सांगतो. माझा विषयच तो. फौजेच्या रायफलीचं लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत जातं, कारण गोळ्या झाडून तापलेली नळी शिपायाला धरावी लागते. पुढे संगीन अडकवायला लोखंडी जोड असतो. डबीत दहा काडतुसं. शिकाऱ्याला यातलं काहीच नको. तो दिवसात एखाददुसरी गोळी झाडणार. मग पुढचं लाकूड कापा, संगिनीचा जोड काढा, डबी पाच काडतुसांची करा, झाली स्पोर्टिंग रायफल. आमची रायफल म्हणजे पलटणीतून निवृत्त होऊन साध्या कपड्यांत गावी आलेला जवान आहे, असं मोठेबाबा म्हणत.

पण वजन कमी केलं की दोन कटकटी उभ्या राहतात. एक म्हणजे दणका. काडतूस तेच आणि रायफल हलकी, म्हणजे खांद्याला बसणारा धक्का जास्त. दुसरी नळीची. नळी बारीक केली की गोळी सुटताना ती जास्त थरथरते, दोनतीन बारांत तापते आणि नेम हलतो. त्यात लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, नळीला कुठे तरी टेकतं आणि कालचा नेम आज लागत नाही. म्हणून हलकी आणि तरीही भरवशाची रायफल करणं हे काम अवघड आहे.

हे गणित आमच्या या मुलखाला नवं नाही. वर्धा जिल्हा १८६२ साली झाला, त्याच सुमारास मध्य प्रांताच्या जंगलांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा अधिकारी फिरत होता. मध्य हिंदुस्थानच्या डोंगररानांवरचं त्याचं पुस्तक १८७१ साली आलं, ते अभ्यासकांना माहीत असतं. त्याआधी त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक वेगळं पुस्तक लिहिलं होतं हे कमी लोकांना ठाऊक असतं. त्याचा कल मोठ्या बोअरकडे, जड गोल गोळीकडे होता. त्या काळच्या काळ्या दारूत जोर कमी, म्हणून गोळी मोठी आणि बंदूकही मोठी. बिनधुराची दारू आली आणि हे पारडं फिरलं. लहान गोळी जास्त वेगाने जाऊ लागली, तशी रायफलही सडसडीत झाली. जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा त्याला रिग्बी कंपनीची २७५ बोअरची एक हलकी रायफल भेट मिळाली. डोंगर चढायला ती त्याला फार आवडे. या कंपनीचा मालक जॉन रिग्बी १८८७ पासून काही वर्षं एनफील्डच्या सरकारी कारखान्याचा प्रमुख होता आणि थ्री-नॉट-थ्रीच्या घडणीत त्याचा हात होता. म्हणजे कॉर्बेटच्या रायफलीची आणि आमच्या रायफलीची लांबची का होईना, सोयरीक निघते.

अलीकडच्या काळात हे काम खरं कोणी केलं असेल तर अमेरिकेतल्या मेल्विन फोर्ब्स नावाच्या कारागिराने. वेस्ट व्हर्जिनिया हा डोंगराळ भाग. तिथे १९८० च्या दशकात त्याने छोटा कारखाना काढला. त्याने लाकूड टाकूनच दिलं. केवलार आणि कार्बनच्या धाग्यांचा दस्ता केला, साधारण एक पौंडाचा, पण इतका ताठ की नळी त्यात शेवटपर्यंत घट्ट टेकवून बसवता येते. सगळे कारागीर नळी मोकळी ठेवण्यासाठी धडपडत होते, याने तिला आधार देऊन तिची थरथर आवरली. रायफलीचा मधला यांत्रिक भाग वीस औंसांचा, म्हणून तिचं नावच ‘मॉडेल २०’. पूर्ण रायफल पाच पौंडांच्या आसपास, म्हणजे सव्वादोन किलो. आमच्या तीनशे पंधराहून किलोभर कमी! एक माणूस, एक शेड, काही मशीन आणि डोक्यात एकच ध्यास. वाचलं तेव्हा मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आपल्याकडे असा फोर्ब्स का झाला नाही? हुशार हात नव्हते म्हणून नव्हे. मुंगेरला मीर कासिमाच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून बंदुका बनतात. पण १९५६ च्या औद्योगिक धोरणात शस्त्रं आणि दारूगोळा सरकारकडे राखून ठेवला गेला. खाजगी कारखान्यांना ठासणीच्या आणि बारा बोअरच्या साफ नळीच्या बंदुका, त्याही ठरवून दिलेल्या संख्येत. रायफल फक्त सरकारची. शस्त्रनिर्मिती खाजगी उद्योगाला खुली झाली ती २००१ साली. तोपर्यंत शिकारी रायफल घ्यायची म्हणजे एकच दुकान, आणि त्या दुकानदाराचं खरं गिऱ्हाईक होतं फौज. त्यात सुधारणा कोणासाठी करायची? माझ्या रायफलीचा खटका गुळगुळीत नाही, लाकडाचा जोड जरा ओबडधोबड आहे. टर्नरच्या नजरेला ते खुपतं. पण नळी मात्र झकास. आतले पीळ आरशासारखे. जिथे फौजेचं शिक्षण कामी आलं तिथे ईशापूरच्या कारागिरांनी कसूर केलेली नाही. आपले नेमबाज जगभर पदकं मिळवतात ती मात्र परदेशी रायफलींवर, हेही खरं.

कारखाना वाढला तो लढायांवर. दोन महायुद्धांत तिथे ली-एनफील्ड बनत राहिल्या. इंग्लंडने नवा नमुना घेतला तरी ईशापूर जुन्यावरच थांबलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर घाई झाली, तेव्हा याच जुन्या घडणीत चांगलं पोलाद वापरून ७.६२ मिलिमीटरची रायफल केली. नियमित फौजेसाठी आखलेल्या हातखटक्याच्या शेवटच्या रायफलींपैकी ती एक. मग एस.एल.आर., मग १९९० च्या दशकात इन्सास. थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडे उरली. २००८ साली मुंबईच्या सीएसटीवर दहशतवादी एके-४७ घेऊन आले, तेव्हा समोर आपल्या माणसांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळे आयुध निर्माणी कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. ईशापूर कानपूरच्या कंपनीकडे गेलं, खडकी, वरणगाव आणि भंडारा पुण्याच्या कंपनीकडे. तीनशे पंधरा ही या सगळ्या पसाऱ्यात एका कोपऱ्यातली चीज. तरीही देशभर बँकेच्या दारात आणि लग्नाच्या वरातीत तुम्हाला तीच दिसेल. वरातीत नको, पण दिसते.

जंगलात मात्र ती दिसेनाशी झाली. बोर अभयारण्य जाहीर झालं १९७० साली आणि वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. शिकार बंद. मोठेबाबांची रायफल हौसेच्या पूर्ण भरात असताना सहा वर्षांत बेकार झाली. त्यांनी कायदा मोडला नाही. दर रविवारी अंगणात बाज टाकून ती खोलायची, तेल द्यायचं, पुन्हा जोडायची. ते वारल्यावर १९८४ साली वारसाने ती माझ्या नावावर आली.

जंगल वाचलं ही आनंदाची गोष्ट, मी त्याविरुद्ध बोलणारा नाही. २०१४ साली बोर व्याघ्र प्रकल्प झाला. अवघं १३८ चौरस किलोमीटरचं गाभाक्षेत्र, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. जंगल एवढंसं, की त्याची कड आणि आमचं शिवार यांत एका धुऱ्याचं अंतर. एके काळी सेलूच्या केळीचं नाव होतं. आता तूर, हरभरा, कपाशी, सोयाबीन. रानडुक्कर आणि रोही यांना यातलं काहीही वर्ज्य नाही. रोही निदान खाऊन जातो. डुक्कर एक ओंब्या खातं आणि दहा उकरून टाकतं.

आता जे सांगणार आहे ते मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही.

२००६ चा डिसेंबर. भारनियमन जोरात होतं, शेतीची लाईन रात्री यायची. आमच्या तुरीला शेंगा धरल्या होत्या आणि डुकरांनी चार रात्रींत दोन एकरांची नासाडी केली होती. मी रायफल घेऊन जागलीला गेलो. मारायचं नव्हतं, हवेत बार काढून हाकलायचं होतं, असं मी घरी सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. रात्री एकच्या सुमाराला तुरीत खसखस ऐकू आली. वाकलेलं, काळं, जमिनीलगत सरकणारं काहीतरी. माझी नळी आभाळाकडे होती. ती खाली कधी आली मला कळलं नाही. खटका लोटलेला, बोट चापावर. हलकी रायफल हो, पटकन खांद्याला येते. ठासणीची बंदूक असती तर टोपी शोधण्यातच वेळ गेला असता.

तेवढ्यात त्या काळ्या आकृतीने खोकला काढला.

मी ओरडलो, ‘‘कोण आहे रे?’’

‘‘मी होय ना काकाजी! पाण्यावर आलो जी!’’

शेजारच्या शेतातला पोरगा. अठरा-एकोणीस वर्षांचा. लाईन आली म्हणून गव्हाला पाणी वळवायला आला होता, पाट फुटला म्हणून आमच्या तुरीतून वाकून फावड्याने माती ओढत होता. थंडीचं काळं घोंगडं डोक्यावरून घेतलेलं. मी काडतूस काढून घेतलं, खाली बसलो, आणि माझे पाय इतके लटपटत होते की त्यानेच मला उठवलं. त्याला काय झालं होतं ते कळलं होतं. तो काही बोलला नाही. म्हणाला, ‘‘चला काकाजी, शेकोटी करू.’’

तीनशे पंधराची गोळी चुकली तरी किलोमीटरच्या पलीकडे जाते. नाही चुकली तर काय होतं ते मला सांगायचं नाही. त्या रात्रीनंतर ती रायफल मी शेतात नेलेली नाही.

२०१५ साली महाराष्ट्र सरकारने पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर आणि रोही परवानगी घेऊन मारायची मुभा दिली. लोक माझ्याकडे आले, कारण आसपासच्या गावांत परवान्याची रायफल असलेले आम्ही मोजके. मी नाही म्हटलं. ते रागावले, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. परवानगी कागदावर मिळते, बंदूक कागदावर मिळत नाही. शस्त्रकायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ पासून आहे, पण चकरा मारून थकलेला शेतकरी शेवटी काय करतो? तारेत वीज सोडतो. ब्रह्मपुरीकडून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात शेताच्या विजेच्या तारेला लागून मेली. त्या तारेला माणूसही लागतो. पाण्यावर गेलेला, वाकलेला, काळोखात. रायफलीसमोर खोकता तरी येतं.

इथून सेवाग्राम पंचवीसेक किलोमीटर असेल. गांधीजींच्या मुलखात बंदुकीची गोष्ट काय सांगता, असं एका मित्राने मला विचारलं. त्याला मी एक गोष्ट सांगितली. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, मिठावरचा कर त्यांतलाच एक. त्यांत एक मागणी अशी होती, की लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत. मित्राला ते खरं वाटेना. त्याने पुस्तक काढून पाहिलं आणि मग बराच वेळ गप्प बसला. मी त्या मागणीचा अर्थ असा लावतो, की हत्यार कोणाकडे असावं हे भीतीने ठरू नये. पण त्या तुरीच्या शेतात मी जो बसलो होतो, तो भीतीनेच बसलो होतो, हेही मला नाकारता येत नाही.

मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, बाबा, जमा करून टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला आहे, तेवढाच त्रास कमी. २०२४ साली आधी लोकसभा आणि मग विधानसभा, अशी दोनदा ती ठाण्यात जमा झाली आणि दोनदा परत आली. दर वेळी मला वाटतं की राहू द्यावी तिथेच. दर वेळी मी पावती घेऊन परत आणायला जातो. मोठेबाबांचं तेल लावलेलं लाकूड आहे ते.

ठाण्यात एकट्याने जाणं आता जमत नाही. पाण्यावर आलेला तो पोरगा आता दोन लेकरांचा बाप आहे. तोच मला मोटरसायकलवर घेऊन जातो. तो गाडी चालवतो, मी मागे चादरीत गुंडाळलेली रायफल धरून बसतो. गाडी सुरू करायच्या आधी तो मान वळवून एकदा पाहतो आणि म्हणतो, ‘‘काकाजी, तोंड वर ठेवा जी.’’